स्वमग्न मूल आणि त्याचे वर्गशिक्षक

महाराष्ट्रातल्या बहुतेक शिक्षकांची स्वमग्नतेशी पहिली भेट प्रशिक्षणात होत नाही, थेट वर्गात होते. जूनमध्ये पहिलीत एक मूल येते. हाक मारली तरी वळून पाहत नाही. परिपाठाला ध्वनिक्षेपक सुरू झाला की कानांवर हात दाबून भिंतीकडे पळते. पोषण आहाराच्या खिचडीतले वाटाणे एकेक करून बाजूला काढते, आणि शेवटचा वाटाणा निघेपर्यंत घास तोंडात घालत नाही. पाढे मात्र तिसापर्यंत तोंडपाठ. बाई गोंधळतात. शेजारच्या वर्गावरचे सर म्हणतात, लाडावलेले आहे, आठवड्यात वळण लागेल. आठवडा जातो, महिना जातो, मग पालकांना बोलावणे धाडले जाते. आई येते ती एक जाड फाइल घेऊन. त्या फाइलमधले तपासण्यांचे अहवाल वाचून उद्या सकाळी पहिल्या तासाला नेमके काय करायचे, हे बाईंना कोणीच शिकवलेले नसते.

हे पुस्तक त्या बाईंसाठी लिहिले आहे. डॉक्टरांसाठी, मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी चांगली पुस्तके आहेत. तीस-चाळीस मुलांचा वर्ग, अभ्यासक्रम संपवण्याची घाई आणि त्यात एक स्वमग्न मूल, अशा जागी उभ्या असलेल्या शिक्षकाच्या हाती मराठीत देण्यासारखे फार थोडे आहे.

मुलाचा हक्क आता वादाचा विषय उरलेला नाही, आणि शिक्षकांनी तो आधी नीट समजून घ्यावा. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकारांची नोंद होती, त्यांत स्वमग्नता नव्हती. १९९९मध्ये राष्ट्रीय न्यासाचा कायदा झाला, तेव्हा ती प्रथम कायद्याच्या भाषेत आली. पण शाळेच्या संदर्भात खरा बदल केला तो २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने. त्याच्या यादीत एकवीस प्रकार आहेत आणि स्वमग्नता त्यांपैकी एक आहे. शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यावा, गरजेप्रमाणे सोयी कराव्यात, असे त्याचे सोळावे कलम सांगते. सतरावे कलम शिक्षक आणि कर्मचारी यांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी शासनावर टाकते. सहा ते अठरा या वयातल्या, लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकता येते. २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशेष शिक्षकांच्या प्रमाणाबद्दल निर्णय दिला, आणि त्यानंतर केंद्राने प्राथमिक स्तरावर अशा दहा मुलांमागे एक व उच्च प्राथमिक स्तरावर पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण ठरवले. म्हणजे ‘आमच्याकडे सोय नाही, तुम्ही दुसरी शाळा बघा’ हे वाक्य आज कोणत्याही मुख्याध्यापकांनी उच्चारू नये. तरी ते रोज कुठेतरी उच्चारले जाते. त्यामागे दुष्टपणा क्वचितच असतो. बहुतेक वेळा भीती असते, आणि ती भीती न शिकवल्यामुळे आलेली असते.

स्वमग्नतेचा अभ्यास कसा पुढे सरकला, याचा थोडा इतिहास इथे सांगतो, कारण त्यातल्या जुन्या चुका आपल्या शिक्षकखोलीत अजून जिवंत आहेत. १९४३मध्ये बाल्टिमोरचे बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अकरा मुलांची वर्णने प्रसिद्ध केली, आठ मुलगे आणि तीन मुली. कॅनरांची नजर विलक्षण बारीक होती. मुले वाक्ये जशीच्या तशी परत म्हणतात, ‘मी’च्या जागी ‘तू’ वापरतात, रोजचा क्रम बदलला की कासावीस होतात, हे सारे त्यांनी टिपले. पुढच्या वर्षी व्हिएन्नात हान्स अ‍ॅस्पर्गर यांनी अशाच, पण उत्तम बोलणाऱ्या मुलांविषयी लिहिले. यानंतर मात्र अभ्यासाला एक वाईट वळण लागले. आईवडिलांच्या, विशेषतः आईच्या थंडपणामुळे मूल असे होते, असा समज पसरला. ब्रूनो बेटलहाइम यांच्यासारख्या नामांकित लेखकाने १९६७च्या पुस्तकात तो उचलून धरला. हजारो आयांनी हा आरोप छातीवर घेऊन आयुष्य काढले. तो मोडून काढायला सुरुवात केली ती बर्नार्ड रिमलंड यांनी, १९६४मध्येच. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि एका स्वमग्न मुलाचे वडील होते. मूळ मेंदूच्या घडणीत आहे, संगोपनात नाही, हे त्यांनी मांडले, आणि पुढच्या संशोधनाने ते खरे ठरवले. लंडनच्या लॉर्ना विंग यांनी १९७९मध्ये जुडिथ गूल्ड यांच्यासह केलेल्या पाहणीने स्वमग्नतेची व्याप्ती किती मोठी आहे ते दाखवले. विंगही एका स्वमग्न मुलीची आई. दिल्लीत १९९१मध्ये मेरी बरुआ यांनी ‘अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम’ सुरू केली, त्याही एका स्वमग्न मुलाच्या आई.

ही यादी मुद्दाम केली. या विषयातले कितीतरी ज्ञान पालकांनी मिळवलेले आहे. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात एरिक शॉप्लर यांनी ‘टीच’ नावाचा कार्यक्रम उभा केला, १९७२पासून तो त्या राज्यभर चालू लागला. त्याचे मोठे वेगळेपण हेच होते की ज्या काळात आईला दोषी ठरवले जात होते, त्या काळात शॉप्लरांनी तिला सहकारी मानले. आणि आपल्याकडे आजही पालकसभेत काय ऐकू येते? मोबाइल दिला म्हणून असे झाले. आई नोकरी करते म्हणून. घरात दोन भाषा बोलता म्हणून. या शेवटच्या कारणापायी किती तरी घरांतून मराठी बोलणे बंद केले गेले आहे, मुलाशी फक्त इंग्रजीत बोला असा सल्ला मानून. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलाचा भाषाविकास बिघडतो असे संशोधनात आढळलेले नाही. ज्या भाषेत आजी गोष्ट सांगते, ती भाषा मुलापासून तोडण्याचे काहीही कारण नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचे अंदाज साधारण शंभर ते सव्वाशे माणसांमागे एक असे आहेत. तीन-चारशे पटाच्या शाळेत एखाददुसरे मूल असणारच, निदान झालेले असो वा नसो. मुलींच्या बाबतीत निदान अनेकदा चुकते. पुष्कळ मुली शेजारणीकडे बघून तिच्यासारखे वागायला शिकतात, गप्प बसतात, वही नीटनेटकी ठेवतात. बाई त्यांना शहाणी म्हणतात. दिवसभर असे वागण्याचा ताण घरी पोचल्यावर फुटतो, आणि आई सांगते तेव्हा शाळेत कोणी विश्वास ठेवत नाही. अशा वेळी आईवर विश्वास ठेवावा.

आता मूळ प्रश्न. प्रशिक्षणे होत नाहीत असे नाही. समग्र शिक्षामधून होतात, २०१९पासून ‘निष्ठा’ हा प्रशिक्षण कार्यक्रम आहे, ‘दीक्षा’ या ऑनलाइन मंचावर घटक आहेत, बी.एड.ला समावेशक शाळेचा विषय आहे. माझी तक्रार त्यांच्या स्वरूपाबद्दल आहे. तालुक्याच्या सभागृहात शे-दीडशे शिक्षक बसतात, पडद्यावर व्याख्या येते, मग लक्षणांची यादी, मग कायद्याची कलमे, मग चहा. संध्याकाळी उपस्थितीपत्रकावर सही होते. शिक्षक परत येतो तो यादी घेऊन, आणि यादीचा एक धोका असतो: तो वर्गातल्या मुलांवर ती लावून पाहू लागतो. निदान करणे हे शिक्षकाचे कामच नाही. ते बालविकासतज्ज्ञांचे, मानसशास्त्रज्ञांचे काम आहे, त्यासाठी भारतीय मोजपट्टीही आहे. शिक्षकाकडे जे असते ते डॉक्टरांकडे कधीच नसते: रोजचे पाच-सहा तास, वर्षभर, इतर मुलांच्या सोबतीत त्या मुलाला पाहण्याची संधी.

ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या अमेरिकन अभ्यासकांनी १९८०च्या दशकात शिक्षक-प्रशिक्षणाविषयी एक गोष्ट दाखवून दिली. व्याख्यान ऐकून शिक्षकाला विषय समजतो, प्रात्यक्षिक पाहून पद्धतही कळते, पण ती स्वतःच्या वर्गात तो टिकवून वापरू लागतो ते बहुधा तेव्हाच, जेव्हा वर्गात कोणीतरी सोबत असते आणि नंतर बसून चर्चा करते. स्वमग्नतेच्या बाबतीत हे दुपटीने खरे आहे. कारण इथे प्रत्येक मूल वेगळे. एकाला घट्ट मिठी हवीशी वाटते, दुसऱ्याला खांद्यावरचा हलका हातही सोसवत नाही. सभागृहात शिकवलेला उपाय पहिल्याला लागू पडतो आणि दुसऱ्याला छळतो. म्हणून शिक्षकाला उपायांआधी पाहण्याची सवय हवी, आणि पाहणे व्याख्यानातून शिकता येत नाही. पोहणे जसे पाण्यात उतरूनच येते, तसेच हे.

पाहायचे म्हणजे काय पाहायचे? समजा, मूल रोज तिसऱ्या तासाला ओरडते. शेरा तयार असतो: ‘वर्गात गोंधळ घालतो.’ पाहणारा शिक्षक शेरा न लिहिता तीन गोष्टी लिहितो: ओरडण्याआधी काय झाले, मुलाने नेमके काय केले, आणि त्यानंतर काय झाले. चार-पाच दिवसांत काहीतरी दिसू लागते. तिसऱ्या तासाला पंखा सुरू होतो आणि त्याच्या एका पात्याची खरखर मुलाच्या डोक्यावर आहे. किंवा तिसऱ्या तासाचा विषय रोज बदलतो आणि आज काय आहे हे त्याला ठाऊक नसते. किंवा ओरडले की त्याला बाहेर पाठवतात, आणि बाहेर शांत असते. म्हणजे ओरडणे हा त्याचा बाहेर जाण्याचा अर्ज असतो. कारणे तीन, उपाय तीन: बाक बदला, वेळापत्रक चित्रांत लिहून समोर लावा, ‘मला बाहेर जायचे आहे’ हे सांगणारे एक कार्ड त्याच्या हातात द्या. चुकीच्या कारणाला बरोबर उपाय केला तर काहीच होत नाही, आणि मग ‘याला काही फरक पडत नाही’ असा निष्कर्ष निघतो.

संवेदनांचा मुद्दा आपल्या शाळांत विशेष जिकिरीचा आहे. पत्र्याच्या छपरावरचा पाऊस, लोखंडी तुकड्यावर वाजणारी घंटा, स्नेहसंमेलनाच्या तालमीतले मोठ्या आवाजातले गाणे, नव्या रंगाचा वास, गणवेशाच्या मानेवरची टोचणारी पट्टी. आपले मेंदू यांतले बरेच काही आपोआप मागे सारतात. या मुलांपैकी अनेकांचे मेंदू तसे करत नाहीत, सगळे एकाच वेळी, सारख्याच जोराने आत येते. २०१३मध्ये निदानाचे अमेरिकन निकष नव्याने लिहिले गेले तेव्हा संवेदनांची ही तीव्रता किंवा मंदता त्यांत रीतसर समाविष्ट झाली. शिक्षकाने घंटेच्या एक मिनिट आधी मुलाला खूण केली, परिपाठाला रांगेच्या टोकाला, ध्वनिक्षेपकापासून दूर उभे केले, कानावर लावायचे आवरण चालवून घेतले, तर खर्च जवळजवळ शून्य. वर्गात एक शांत कोपरा करावा, सतरंजी आणि पाठ टेकायला भिंत एवढे पुरते. तो कोपरा शिक्षेचा होऊ देऊ नये. एकदा जरी रागाने ‘जा तिकडे बस’ म्हटले की तो मुलाच्या कामाचा राहत नाही.

भाषेबद्दल पुढे एक पूर्ण प्रकरण आहे, त्यामुळे इथे थोडेच. ‘मुलांनो, वह्या काढा’ हे आपल्यालाही म्हटले आहे, हे अनेक स्वमग्न मुलांना कळत नाही. त्यांचे नाव घेऊन, तीन शब्दांत सांगावे. मग थांबावे. मनात दहा आकडे म्हणेपर्यंत दुसरे वाक्य बोलू नये, कारण दुसरे वाक्य पहिल्याला पुसून टाकते. ‘डोकं खाऊ नकोस’, ‘कान उघडे ठेव’ असली बोली मूल शब्दशः घेते. ‘धावू नकोस’पेक्षा ‘हळू चाल’ हे सोपे, कारण त्यात काय करायचे ते आहे. एखादे मूल ‘तुला पाणी हवं का?’ असे विचारत फिरते, तेव्हा बहुधा त्यालाच तहान लागलेली असते. पाणी मिळते तेव्हा आई जे वाक्य म्हणते, तेच ते म्हणत असते. लोकलमधली स्थानकाची घोषणा वर्गात पुन्हा पुन्हा म्हणणारा मुलगा कदाचित घरी जायचे म्हणत असेल. अशा उच्चारांना निरर्थक बडबड म्हणून दामटू नये, त्यांचा अर्थ शोधावा, आणि त्यासाठी आईइतका चांगला दुभाषा नाही. न बोलणाऱ्या मुलांसाठी चित्रांची कार्डे आहेत, मुंबईच्या आयआयटीत तयार झालेल्या ‘जेलो’सारखी अ‍ॅप आहेत. चित्रे दिली तर मूल बोलायचेच थांबेल, ही पालकांची भीती निराधार आहे.

एका बाबतीत माझे मत ठाम आहे आणि काही सहकाऱ्यांना ते पटत नाही. ‘माझ्या डोळ्यांत बघ’ असा आग्रह धरू नये. हात फडफडवणे, झुलणे यांत कुणाला इजा होत नसेल तर ते थांबवू नये. बऱ्याच स्वमग्न प्रौढांनी लिहून ठेवले आहे की डोळ्यांत बघताना त्यांना ऐकू येत नाही, आणि झुलल्याने मन जाग्यावर येते. इतर मुलांसारखे दिसणे हे शिक्षणाचे उद्दिष्ट असू शकत नाही. डेमियन मिल्टन हे स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश अभ्यासक. त्यांनी २०१२मध्ये मांडले की न समजण्याची अडचण दोन्ही बाजूंनी असते: स्वमग्न माणसाला इतरांचे मन कळत नाही म्हणतात, पण इतरांना तरी त्याचे कुठे कळते? प्रशिक्षणाचा पाया मी यावर रचीन. बदलायचे काम निम्मे आपले आहे.

कधी कधी सारे अनावर होते, मूल जमिनीवर लोळते, डोके आपटते, चावते. हट्ट आणि हा उद्रेक यांत फरक आहे. हट्टाला प्रेक्षक लागतो आणि हवी ती वस्तू मिळाली की तो थांबतो. उद्रेकाच्या वेळी मुलाच्या हातात काहीच उरलेले नसते. त्या क्षणी समजावणे, प्रश्न विचारणे, धमकावणे व्यर्थ. इतर मुलांना शांतपणे दूर न्यावे, आवाज-उजेड कमी करावा, डोके आपटू नये म्हणून दप्तर किंवा सतरंजी मध्ये सरकवावी, जवळ पण न बोलता थांबावे. शिकवणे नंतर, कधी कधी दुसऱ्या दिवशी. आणि त्या दिवशी शिक्षकालाही कोणीतरी चहा देऊन अर्धा तास वर्गातून मोकळे करावे. हे मुख्याध्यापकांचे काम आहे.

मुंबई-पुण्याच्या खासगी शाळांत आता शॅडो टीचर, म्हणजे त्या एका मुलासोबत बसणारी मदतनीस ताई, आणण्याची अट पालकांवर घातली जाते, पगार पालकांनी द्यायचा. खर्चाची अडचण उघड आहेच, पण शिक्षणाच्या दृष्टीनेही यात खोट आहे. वर्षभर मूल त्या ताईचे होते, वर्गाचे होत नाही. वर्गशिक्षिका प्रश्नसुद्धा ताईला विचारते, ‘हा जेवला का?’ मदतनीस जरूर असावी, मात्र तिचे यश ती किती मागे सरकू शकली यावर मोजावे. तालुक्याच्या गट साधन केंद्रातून येणाऱ्या विशेष शिक्षकांचे नेमके उलटे आहे: त्यांच्या वाट्याला इतक्या शाळा असतात की एका मुलापर्यंत ते महिन्यातून एखाद्या वेळी पोचतात. वर्षानुवर्षे कंत्राटी मानधनावर, स्वतःच्या दुचाकीवर वाड्यावस्त्या फिरून या माणसांनी हे काम धरून ठेवले आहे. त्यांच्या भेटीचा तास मुलाला वेगळे बसवून शिकवण्यात जातो. तो वर्गशिक्षकासोबत वर्गात बसण्यात गेला, तर उरलेले दिवस तेच काम वर्गशिक्षक पुढे नेतील.

यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागेल असे मला वाटत नाही. राज्यात शाळांच्या समूहांची साडेचार हजारांहून अधिक केंद्रे आहेत आणि केंद्राची शिक्षण परिषद होते. तिथे परिपत्रके वाचून दाखवण्यात वेळ जातो. त्यातला पाऊण तास एका मुलाला द्यावा. नाव न सांगता एका शिक्षकाने त्याचे निरीक्षण मांडावे, इतरांनी प्रश्न विचारावेत, विशेष शिक्षकांनी पुढच्या महिन्यात करून पाहायच्या एक-दोन गोष्टी सुचवाव्यात, आणि पुढच्या परिषदेत त्याचे काय झाले ते ऐकावे. पालकांना बोलवावे, ऐकून घेण्यासाठी. स्वमग्न तरुण-तरुणी बोलू किंवा लिहू शकत असतील तर त्यांना प्रशिक्षक म्हणून मानधन देऊन बोलवावे. दोनशिक्षकी शाळांतल्या गुरुजींना मी आणखी एक सांगेन: तुमचा लहान पट, ओळखीची माणसे आणि शांत परिसर या मुलाला शहरातल्या गजबजलेल्या शाळेपेक्षा अनेकदा अधिक मानवतो. तुम्ही मागे आहात असे समजू नका.

पुढची प्रकरणे क्रमाने वाचायला हवीत असे नाही. सध्या ज्या अडचणीत आहात त्या प्रकरणापासून सुरुवात करा. मात्र कोणताही उपाय करण्याआधी पहिले दोन आठवडे एक साधी वही ठेवा, तिच्यात फक्त डोळ्यांना दिसलेले आणि कानांनी ऐकलेले लिहा, आळशी, हट्टी, बिचारा असले शब्द लिहू नका, आणि ती वही मुलाच्या आईवडिलांना वाचायला द्या.